केळीवाल्या भावांनो, नदीतले गोटे जागेवर राहू द्या

प्रति,
रावेर, यावल, चोपडा भागातले सगळे केळी बागायतदार आणि सतपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांच्या ग्रामसभा

राम राम मंडळी,

मी तुमच्यातलाच आहे. यावल तालुक्यात पायथ्याकडच्या एका गावात आमची साडेसात एकर केळी आहे, माझी तिसरी पिढी. पत्र खरं तर सरकारला लिहायचं ठरवलं होतं, तीन-चार दिवस डोक्यात मजकूर पण जुळवत होतो, पण मग वाटलं की सरकारला काय सांगू, नदीतून ट्रॉली भरून गोटे नेतोय तो माझ्या ओळखीचा, यंदा नवा बोअर मारला तो माझा चुलतभाऊ आणि त्याच्या आधी मारला तो मी. म्हणून तुम्हालाच लिहितोय. मोबाईलवर टाईप करतोय, लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा, ही विनंती आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या विहिरीत उतरलो होतो. नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी बांधलेली विहीर, 90 फूट. मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे, दगडावर नाड्यांनी पडलेल्या खाचा बोटाला लागतात. आत आता पाणी नाही, पंधरा-वीस वर्षं झाली, पारव्यांनी घरटी केलीयेत. एका बाजूचं बांधकाम ढासळलंय आणि त्यामागची जमीन उघडी पडलीये, तिथं मी शिडीवर अर्धा तास नुसता बघत उभा होतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट माती, मग अचानक गोटे सुरू. नारळाएवढे, काही माणसाच्या डोक्याएवढे, सगळे गुळगुळीत, मध्येमध्ये जाडी वाळू भरलेली, हाताने उकरली तरी भुरभुर खाली पडते. मग हातभर लालसर चिकण माती, खाली परत गोटे. असं थरावर थर. एक गोटा मी काढून खिशात घालून वर आणला, आत्ता टेबलावर आहे. काळा दगड, कोपरा कुठेच नाही, पाण्यात लांबवर घरंगळल्याशिवाय दगड असा होत नाही.

तर हा गोटा नव्वद फूट खोल जमिनीत कोणी नेऊन ठेवला? नदीने. आणि माझं सगळं म्हणणं या गोट्याभोवतीच आहे.

आपल्या इथली जमीन बाकी महाराष्ट्रासारखी नाही, हे आपण ऐकून असतो पण त्याचा अर्थ काय ते कधी नीट बसून बघत नाही. राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला त्याचा दगड. तिथं विहीर खणली की वीस-तीस फुटांवर कातळ, पाणी सापडलं तर फटीत सापडणार नाहीतर नाही. आपल्या इथं सतपुडा आणि तापी यांच्या मध्ये जमीन खचलेली आहे, पायथ्याला लागून भूगर्भात मोठा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग आहे, अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा येतो तो याच पट्ट्यात. ही खचलेली जागा नद्यांनी लाखो वर्षं माती, वाळू, गोटे आणून भरून काढली. सुकी, भोकर, मोर, गूळ, अनेर आणि मधले शंभर नाले, सगळ्यांचं काम एकच. डोंगरात उतार तीव्र असतो तेव्हा नदीच्या अंगात जोर असतो, ती मोठाले दगड पण ढकलत आणते, आणि डोंगर संपून सपाटी लागली की जोर एकदम ओसरतो आणि हातातलं ओझं ती तिथंच टाकते. आधी जड गोटे, थोडं पुढे बारीक खडी, मग वाळू, आणि तापीपर्यंत पोचते ती चिकण माती. पात्र भरलं की नदी बाजूला सरकते आणि तिकडं टाकते. असं करत करत पंख्यासारखा पसरट ढीग होतो आणि शेजारशेजारच्या नद्यांचे ढीग एकमेकांना भिडून पायथ्याला लागून पूर्व-पश्चिम लांब पट्टा तयार झालाय. भूजलवाले याला बझाडा म्हणतात. नाव परकं आहे पण गोष्ट आपल्या घरची आहे.

या पट्ट्यात पाणी थांबत नाही, थेट खाली जातं. सुकी नदीचंच घ्या, नावातच सुकी, डोंगरातून बाहेर पडेपर्यंत वाहती आणि पुढे पात्र कोरडं, कारण पाणी गोट्यांमध्ये शिरून गडप होतं आणि तेच पाणी जमिनीखालून उताराने दक्षिणेला सरकत आपल्या विहिरींना लागतं. म्हणजे नदी कोरडी दिसते तेव्हा ती मेलेली नसते, ती खालून चाललेली असते.

मी सात-आठ वर्षांचा असताना नाना एकदा रात्री नदीवर घेऊन गेले होते. आषाढ होता, डोंगरात जोरात पाऊस झाला होता, गावात थेंब नाही. पूर आला. आधी आवाज आला, भुसावळच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडताना होतो ना तसा, पाण्याखाली गोट्यावर गोटे आपटत होते. सकाळी परत गेलो तर पूर ओसरलेला, पात्रात डबकी उरलेली आणि त्या डबक्यांमधून बुडबुडे निघत होते, बुडबुड बुडबुड, जमिनीतली हवा वर येत होती आणि पाणी बघता बघता खाली जात होतं. मी काहीतरी विचारायला लागलो तर नाना म्हणाले, "जमीन पानी पिऊन राह्यली भो, बोलू नको." आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. दुपारपर्यंत डबकं संपलं, खाली ओली वाळू तेवढी राहिली.

हे बुडबुडे मी गेल्या दहा वर्षांत पाहिले नाहीत.

आता जरा हिशोब करू, कागद-पेन घ्या. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात 1742 झाडं बसतात. उन्हाळ्यात एप्रिल-मे मध्ये ठिबकवर झाडाला रोज साधारण 20 लिटर पाणी लागतं, आपल्या सगळ्यांना माहीत आहे, यापेक्षा कमी दिलं तर पानं कडेने करपतात आणि निसवलेली बाग असली तर घड भरत नाही. 1742 गुणिले 20 म्हणजे एकराला रोज 35 हजार लिटर. तीन महिने धरले तर साडेएकतीस लाख लिटर. आता पावसाचं बघा. आपल्याकडे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका एकरावर पडणारा वर्षभराचा सगळाच्या सगळा पाऊस एखाद्या टाकीत धरला, एक थेंब वाहून न जाऊ देता आणि एक थेंब उन्हाने न उडू देता, तरी तो होतो 28 लाख लिटर. म्हणजे माझ्या एकरावर वर्षभर जेवढं आकाशातून पडतं त्यापेक्षा जास्त मी फक्त उन्हाळ्यात केळीला पाजतो. बाकीचे नऊ महिने वेगळेच. आणि पडलेल्या पावसातलं खरंच जमिनीत खोल मुरतं ते किती थोडं असतं.

मग हे पाणी कुठून येतं? माझ्या शेतात पडलेलं ते नाहीच. ते सतपुड्यात पडलेलं, नदीने पायथ्यापर्यंत आणलेलं आणि गोट्यांच्या पट्ट्याने गिळून आपल्यापर्यंत पोचवलेलं पाणी आहे. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले, आपल्या मातीची, हवेची केळी म्हणून. त्या मातीच्या खालचे हे गोटे पण त्यात धरा.

नानांच्या काळी 40-50 फुटांवर पाणी होतं. बाबांनी विहीर खोल केली, मग आत आडवे बोअर मारले, मग विहीर सोडून ट्यूबवेल, 200 फूट. मी लग्न झालं त्या वर्षी 380 ला पाणी काढलं आणि आता आजूबाजूला पाचशे-सहाशे ऐकायला येतं. प्रत्येक वेळी आपण म्हणतो की पाणी खाली गेलं, पण पाणी आपणहून गेलं नाही, आपण त्याच्या मागे मागे गेलो. एकाने खोल मारला की शेजाऱ्याचा उघडा पडतो, मग शेजारी आणखी खोल मारतो. कॉलम पाईप वाढवा, मोटर मोठ्या एचपीची घ्या, पॅनल बदला. माझ्या चुलतभावाने यंदा केलेला खर्च मी इथं लिहीत नाही, त्याला वाईट वाटेल, पण केळीच्या दोन कांदेबागांचं उत्पन्न त्या भोकात गेलं आणि पाणी अडीच इंच. रावेर-यावलचं नाव अतिशोषित, म्हणजे मुरतं त्यापेक्षा जास्त उपसा होणारे तालुके म्हणून सरकारी कागदावर किती वर्षांपासून येतंय. भूजलाचा कायदा 2009 चा, 60 मीटरपेक्षा म्हणजे 200 फुटांपेक्षा खोल विहीर शेतीला घेऊ नये असं त्यात लिहिलंय. माझा 380 फूट आहे. मी कायदा मोडलाय आणि हे मी जाहीर लिहितोय, कारण ते लपवून मला तुमच्याशी बोलताच येणार नाही.

ठिबकबद्दल एक बोलतो, राग मानू नका. ठिबकने पाणी वाचलं यात शंका नाही, आपल्या जिल्ह्याने देशाला ठिबक दाखवलं. पण वाचलेल्या पाण्याचं आपण काय केलं? आणखी केळी लावली. पूर्वी चार एकर भिजायचं तिथं आठ एकर भिजतं, उपसा तेवढाच राहिला किंवा वाढला. आणि पाटाने द्यायचो तेव्हा त्यातलं काही पाणी परत मुरायचं तरी.

हे झालं उपशाचं, हे सगळे बोलतात. माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपण पाणी ओढून टाकी रिकामी केली, ठीक आहे, टाकी परत भरता येते. पण आपण आता टाकीचं तोंडच बंद करतोय.

आमच्या गावाच्या वर नदी डोंगरातून बाहेर येते तिथं चार-पाच वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने गोटे उचलायला सुरुवात केली. आधी रस्त्याच्या कामाला म्हणून, मग क्रशरला, मग कोणाच्याही बांधकामाला. आम्ही कोणी काही बोललो नाही, उलट बरं वाटलं की पात्र साफ होतंय, पुराचं पाणी शेतात घुसणार नाही. मी पण दोन ट्रॉल्या आणून गोठ्यात पिचिंग केलं. आता तिथं जाऊन बघा. जिथं गुडघाभर गोट्यांचा थर होता तिथं दहा-बारा फुटांचे खड्डे आहेत, त्यात पावसात पाणी साचतं, लाल गढूळ, आणि दिवाळीपर्यंत हटत नाही. लोक म्हणतात वा, पाणी साठलं. अहो साठलं म्हणजेच मुरलं नाही! खड्ड्यात पाणी निवांत उभं राहिलं की त्यातला बारीक गाळ तळाला बसतो आणि तो गाळ गोट्यांच्या मधल्या वाळूत जाऊन बसला की तळ लिंपल्यासारखा होतो. आपण घरात शेणाने जमीन सारवतो तसं. वर गोट्यांचा जाड थर असला की पुराचं पाणी त्यावर अडखळतं, पसरतं, दहा वाटांनी जातं, आणि दर पुरात गोटे हलतात, घुसळले जातात, त्यामुळे मधला गाळ धुऊन निघतो. नदी स्वतःची चाळणी स्वतः साफ करत असते. गोटे नेले की चाळणी पण गेली आणि साफ करणारं पण गेलं. पाणी एकाच खोल चरातून सुसाट तापीत, आणि काठ ढासळतात ते वेगळं. त्या ठिकाणी खालच्या अंगाला एकाचं अर्धा एकर रान मागच्या दोन पावसाळ्यात पात्रात गेलं.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं ते असं की खोलीकरण तर सरकार पण करतं, सगळीकडे चांगलं म्हणतात, मग इथंच वाईट कसं? तर भाऊ, जमीन जमिनीत फरक आहे. शिरपूरला सुरेश खानापूरकर साहेबांनी 2004 पासून नाल्यांचं काम केलं, त्याचं नाव झालं, पण ते स्वतः भूगर्भवाले, आधी जमिनीखाली काय आहे ते बघितलं, पाषाणाचा भाग कुठला, गाळाचा भाग कुठला आणि मग जेसीबी लावला. आपण फक्त जेसीबी तेवढा उचलला. कातळाच्या मुलखात वरचा कडक थर फोडला तर पाण्याला खाली जायला वाट मिळते. आपल्या गोट्यांच्या पट्ट्यात वाट आधीपासून आहे, तिथं खोदून काढतो ती वाटच असते.

दुसरं, गावातून जाणाऱ्या नदीला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आणि आता काही ठिकाणी तळाला पण काँक्रीट. दिसायला स्वच्छ दिसतं, मान्य. पण ते पात्र होतं, गटार करून टाकलं. आणि नदीच्या जुन्या वाटा, ज्या आता कोरड्या दिसतात, तिथं एनए प्लॉट पडतायत. पायथ्याची नदी जागा बदलत असते, तिचा स्वभावच तो, आज सोडलेली वाट पन्नास वर्षांनी परत घेईल. 2021 साली 31 ऑगस्टला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नदीने एका रात्रीत काय केलं ते आपण व्हिडीओत पाहिलं, किती गुरंढोरं वाहून गेली. तो मुलूख वेगळा, डोंगर वेगळा, पण नदीची जागा माणसाने घेतली की ती मागायला येते हे तिकडं पण तेच आणि इकडं पण तेच.

तिसरी गोष्ट वर डोंगरात आहे. यावल अभयारण्य 1969 पासून आहे, पण डोंगरातल्या पाल गावाकडे जाताना आजूबाजूच्या टेकड्या बघा, माझ्या डोळ्यादेखत किती उघड्या झाल्या. झाड गेलं की माती सुटते, पहिल्या दोन पावसांचं पाणी चहासारखं येतं, ती सगळी माती आपल्याच गोट्यांच्या तोंडात बसते. याचा दोष तिथं राहणाऱ्या पावरा-तडवी लोकांवर ढकलून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. आपल्या केळीची कटिंग कोण करतं, घड वाहून कोण नेतं, ती माणसं डोंगरात वर्षभर पोट भरू शकली असती तर कशाला आली असती इथं. आपल्याला पाणी त्यांच्या डोंगरातून येतं, त्यामुळे तिथलं जंगल राखायला आपण चार पैसे घालायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि यावर कोणी भांडायचं असेल तर मी तयार आहे.

आता माझी एक चूक सांगतो, त्यातून तुमचं नुकसान वाचेल. तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं नानांच्या विहिरीत पावसाचं पाणी सोडायचं. शेजारच्या नाल्यातून चारी काढली आणि पुराचं पाणी थेट विहिरीत. पहिल्याच पावसात वीस फूट पाणी चढलं, मी आनंदाने फोटो सगळ्यांना पाठवले. पाणी चार दिवसात उतरलं. दुसऱ्या पावसाला उतरायला पंधरा दिवस लागले. तिसऱ्याला हललंच नाही. उन्हाळ्यात खाली उतरून बघितलं तर तळाला वीतभर गाळ, वाळून भेगा पडलेल्या, वरचा थर पापडासारखा उचलून हातात येत होता, आणि खाली गोट्यांमध्ये तो लोण्यासारखा घुसलेला. मी स्वतःच्या हाताने आजोबांच्या विहिरीचं तोंड बंद केलं होतं. तो गाळ काढायला दोन माणसं आणि मी, आठ दिवस लागले. आता चारीच्या तोंडाला आधी एक मोठा खड्डा केलाय जिथं पाणी थांबून गाळ बसतो, मग दुसऱ्या खड्ड्यात खाली मोठे गोटे, वर खडी, वर जाडी वाळू, त्यातून गाळून निघालेलं पाणी पाईपने विहिरीत. पहिले दोन पूर मी आत घेतच नाही, ते फार गढूळ असतात. मागच्या पावसाळ्यात या विहिरीने कितीतरी वेळा पाणी गिळलं आणि शेवटच्या पावसाला पण तेवढ्याच वेगाने गिळलं. वरची वाळू दर वर्षी काढून धुवायची, एवढी मेहनत आहे.

हे काही मी शोधलेलं नाही. नव्वदच्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने आपल्याच यावल तालुक्यात, टीई-17 नंबरच्या पाणलोटात पाझर तलाव आणि रिचार्ज शाफ्टचे, म्हणजे पाणी खाली मुरवायच्या खोल खड्ड्यांचे प्रयोग केलेत, कारण देशात असा पाणी गिळणारा पट्टा थोड्या ठिकाणी आहे. दिल्लीच्या लोकांना आपल्या जमिनीचं मोल तीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मेगा रिचार्ज. मी लहानपणापासून ऐकतोय, प्रत्येक इलेक्शनला ऐकतोय. मागे 10 मे 2025 ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या, 31.13 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाण्याचं नियोजन आहे. तापीचं पुराचं पाणी वरती अडवून कालव्यांनी सतपुड्याच्या पायथ्याने आणायचं आणि या बझाड्यात मुरवायचं. योजना चांगली आहे, व्हायला पाहिजे, मी पण वाट बघतोय. पण पारावर बसून एकजण परवा म्हणाला की आता मेगा रिचार्ज येतंय, बोअर मारून घ्या, पाणी येणारच आहे, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. अहो ते पाणी येऊन मुरणार कुठं? याच गोट्यांमध्ये. ज्या जागेवर पाणी सोडायचं म्हणून एवढा मोठा कालवा खणणार आहेत ती जागा आपण ट्रॉल्या भरून विकतोय, तिच्यावर प्लॉट पाडतोय, तिचं तळ गाळाने सारवतोय. कालवा येईल तेव्हा पायथ्याला चाळणी शिल्लकच नसली तर ते 31 टीएमसी आपल्या घराघरात शिरून तापीलाच जाईल परत.

पूर्णेच्या खोऱ्यातले लोक बघा, अकोला-अमरावतीकडचे, त्यांच्याकडे पण आपल्यासारखाच खोल गाळ आहे, पण खाली मोठ्या भागात पाणी खारं. पिण्याला पण चालत नाही आणि शेतीला पण नाही. आपल्याला गोड पाण्याचा एवढा मोठा साठा मिळाला आणि तो भरायला वरून नद्या पण मिळाल्या. हे सगळ्यांना मिळत नाही हो.

म्हणून ग्रामसभांना माझं मागणं आहे की डोंगरातून नदी बाहेर येते तिथून खाली जिथपर्यंत गोटे दिसतात तिथपर्यंत एकही गोटा उचलायचा नाही, असा ठराव याच महिन्यात घ्या. घरकुलाला लागतात, गोठ्याला लागतात, मंदिराच्या ओट्याला लागतात, सगळं खरं आहे, तरी नाही. विहिरीतून, रस्त्याच्या खोदाईतून निघालेले गोटे वापरा. पात्राच्या तळाला काँक्रीट ओतायचं काम कोणी आणलं तर निधी परत जाईल या भीतीने होकार देऊ नका, भिंत बांधायचीच असेल तर काठाला बांधा आणि तळ उघडा ठेवा. जुन्या वाटांचे गट नंबर काढून ठेवा, म्हातारी माणसं आहेत तोवर, त्यांना माहीत असतं कुठल्या साली नदी कुठून गेली होती. आमच्या गावात असे सांगू शकणारे आता तीनच जण राहिलेत.

आणि बागायतदारांना, म्हणजे मला पण. ज्याची जुनी विहीर कोरडी पडलीये त्याने ती बुजवू नये, कचरा टाकू नये. बुजवून तेवढ्या जागेत चाळीस झाडं जास्त बसतील पण ती विहीर म्हणजे शंभर फूट खाली गोट्यांपर्यंत जायचा तयार रस्ता आहे, आज बांधायला गेलात तर लाखांत जाईल. गाळणीचा खड्डा करून तिला पाणी पाजा. दोन शेजाऱ्यांनी मिळून केला तर खर्च निम्मा होतो. नवा बोअर मारायच्या आधी एक वर्ष थांबा आणि तेच पैसे यात घालून बघा. मी पुढच्या वर्षी दीड एकर केळी कमी करून तिथं हरभरा आणि तूर घेणार आहे, घरात यावरून वाद झाले, बाबा अजून नीट बोलत नाहीयेत माझ्याशी, पण मी ठरवलंय.

मृग तोंडावर आलाय. आमच्या गावाच्या वर नदीकाठी जुना पाझर तलाव आहे, त्याच्या तळाला हातभर गाळ बसलाय. येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही नऊ जण तो काढायला जातोय. दोन ट्रॅक्टर आहेत, आणखी दोन मिळाले तर पहिल्या पावसाआधी तळ मोकळा होईल. गाळ ज्याला पाहिजे त्याने आपल्या बागेत न्यावा, कंद लावायच्या आधी टाकला तर चांगला असतो. मात्र खाली गोटे दिसायला लागले की फावडं थांबवायचं, त्यांना हात लावायचा नाही. चहा-नाश्ता माझ्याकडे, फावडी-टोपल्या आपापल्या आणा.

तुमचाच,
यावल तालुक्यातला एक केळी बागायतदार